कणकुंबी की खानापूर? आधी एक पावसाळा भाड्यानं काढा

वडगाव, बेळगाव इथून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, आठवड्याआड सेकंड शिफ्ट असते. मी घरातून लहान कारखानदारांचं जीएसटीचं काम बघते. मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यमात. मुलगा तिसरीत, मराठी शाळेत. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, त्यांना दमा आहे. गल्लीतली धूळ आणि धूर त्यांना सोसवत नाही, म्हणून डोंगराकडच्या लहान गावात जाऊन राहावं असं मिस्टरांनी मनावर घेतलंय. कणकुंबीजवळ पाच गुंठे जागा बघितली आहे. एजंट इसारासाठी रोज फोन करतो. वडगावचं घर विकून तिथं बांधायचं म्हणतात. नाहीतर आंबोली बघू म्हणतात. मला तिथली हवा आवडली, पण धाडस होत नाही. काय करावं? घरात कुत्रा आहे, त्याचंही सांगा."

ताई, इसार देऊ नका आणि वडगावचं घर विकू नका. डोंगराकडं जाण्याची इच्छा चुकीची नाही, पण तुमच्या घरची माणसं आणि कामं बघता कणकुंबी फार आत पडतं. खानापूर शहर किंवा त्याच्या अगदी लगतचं गाव, तेही भाड्यानं आणि जून ते सप्टेंबर धरून, एवढंच आत्ता ठरवा. जागा घेणं त्याच्या पुढचं.

तुम्ही जागा बघायला कधी गेला होता हे पत्रात नाही. दिवाळी ते मे या काळात गेला असाल तर जे बघितलं ते खरंच होतं, पण अर्धंच. "डोंगरावर थंड हवा" हे आपल्याकडं थोडं फसवं आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि आंबोली ६९० मीटरवर. म्हणजे आंबोलीला जाताना तुम्ही वर चढत नाही, खाली उतरता. तिकडचा गारवा येतो तो झाडीतून आणि पावसातून. बेळगावात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, कणकुंबीत त्याच्या तिप्पट-चौपट. ती हवा हवी असेल तर तो पाऊसही घरात घ्यावा लागतो, आणि सासूबाईंचा प्रश्न नेमका तिथंच आहे.

दम्याला धूळ-धूर वाईट हे खरं. ओल त्याहून बरी असं मात्र नाही. गादी, उशी, गोधडीत राहणारे धुळीतले बारीक किडे हवेतल्या दमटपणावर जगतात. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की ते तगत नाहीत, सत्तरच्या वर गेली की वाढतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पट्ट्यातल्या बंद घरात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या वर असते. भिंतीला, कपाटाच्या मागच्या फळीला, चपलांना बुरशी धरते आणि तिचे कण श्वासात जातात. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत म्हणून ते आतल्या खोलीत दोरीवर टांगले जातात, त्यानं ओल आणखी वाढते. शेजारी सकाळी अंघोळीच्या पाण्यासाठी ओल्या लाकडाचा बंब पेटवतो. पावसाळी हवेत तो धूर वर न जाता कौलांखाली रेंगाळतो. म्हणजे गल्लीतली धूळ सोडून आलात आणि बुरशी व बंबाच्या धुरात बसलात, असं होऊ शकतं. होईलच असं नाही. काहींचा दमा धुळीनंच जास्त बळावतो, त्यांना खेड्यात बरं वाटतं. सासूबाई कुठल्या गटातल्या, हे अंदाजानं ठरवू नका, मोजून बघा.

औषधांच्या दुकानात पीक फ्लो मीटर मिळतं. नळीत जोरात फुंकायचं आणि आकडा वाचायचा, एवढंच. डॉक्टरांना विचारून आधी वडगावात दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकायला लावा आणि वहीत लिहा. तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा घ्यायचा. त्यांचा सगळ्यात चांगला आकडा कळला की जुलैच्या उत्तरार्धात त्यांना खानापूरकडं आठ-दहा दिवस ठेवा आणि तसंच लिहा. आकडा त्यांच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर राहिला तर ठीक. सतत त्याखाली जात असेल तर त्या गावात पावसाळा काढायचा नाही, मग जागा कितीही स्वस्त मिळो. आकडा निम्म्यावर आला तर वाट न बघता दवाखाना. इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) एक महिना पुरेल इतका साठा करून मगच जा.

आता "दवाखाना" म्हणजे किती लांब, ते बघा. खानापुरात तालुका सरकारी रुग्णालय आहे आणि तिथून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, चौपदरी रस्ता. केएलई रुग्णालय असो की सरकारी बिम्स, रात्री पाऊणएक तासात पोचता येतं. कणकुंबीहून बेळगाव पन्नासेक किलोमीटर, बराचसा रस्ता जंगलातला, पावसात धुकं आणि कुठं झाड आडवं पडलेलं. दिवसा सव्वा तास लागतो म्हणून रात्रीही तेवढाच लागेल असं धरू नका. कुसमळीच्या जुन्या पुलावर अवजड वाहतूक बंद ठेवायची वेळ आली होती, हे तुम्हीही पेपरात वाचलं असेल. जांबोटी बेळगाव आणि कणकुंबीच्या मधे आहे, बेळगावपासून तीसेक किलोमीटर. तुमच्या घरात दमेकरी नसता आणि मिस्टरांची शिफ्ट नसती तर आम्ही जांबोटीला हो म्हटलं असतं.

शिफ्टचं गणित साधं आहे. उद्यमबाग खानापूर रोडलाच असल्यामुळं खानापुराहून वीसेक किलोमीटर पडतं. रोज चाळीस, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस देणारी मोटारसायकल असेल तर बावीस-तेवीस लिटर पेट्रोल. कणकुंबीहून हेच सव्वादोन हजार किलोमीटर आणि पन्नास लिटर. पैशाचं एक वेळ जमेल. पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर मध्यरात्री, पावसात, गव्यांच्या वाटेवरून मोटारसायकल चालवणं जमवायची गोष्ट नाही. गवा हेडलाइटला बुजत नाही, रस्त्यात उभाच राहतो, आणि काळ्या अंगामुळं अगदी जवळ आल्यावर दिसतो. कारनं जाणार असाल तर गणेबैलचा टोल धरा. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना बिगर-व्यावसायिक गाडीसाठी महिन्याचा पास मिळतो. पत्ता बदललेलं आधार आणि गाडीचं आरसी घेऊन नाक्यावरच चौकशी करा.

तुमच्या कामाचं पत्रात एकच वाक्य आहे, पण घरात दुसरा पगार तोच आहे. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, या दोन दिवशी नेट गेलं तर लेट फी गिऱ्हाईक तुमच्याकडूनच मागणार. त्यात जुलैत प्राप्तिकराची विवरणपत्रं, म्हणजे तुमचा हंगाम आणि फांद्या तुटून तारा पडण्याचा हंगाम एकच. वीज गेली की घरातलं नेट जातंच, पण चार-सहा तासांनी टॉवरची बॅटरी संपते आणि मोबाइलही मुका होतो. हे एजंट सांगत नाही, कारण त्याला दहा मिनिटं रेंज दाखवायची असते. घर भाड्यानं घेण्याआधी शेजारच्या घरी विचारा: फायबर कुणाचं आहे, गेल्या पावसाळ्यात सलग किती दिवस बंद होतं, तक्रार केल्यावर लाइनमन किती दिवसांनी आला. घरासाठी १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी आणि ८५० व्हीएचा इन्व्हर्टर घ्या. त्यातून वापरायला बाराशे वॅट-तास मिळतात असं धरा. चार एलईडी, एक बीएलडीसी (कमी विजेवर चालणारा) पंखा, राउटर आणि लॅपटॉप मिळून सव्वाशे-दीडशे वॅट होतात, म्हणजे आठ तास. नेब्युलायझर त्यावर चालतो. मिक्सर, गीझर, फ्रिज यांना त्यावर हात लावायचा नाही. आणि ११, २० तारखेचं काम दोन दिवस आधी उरकायची सवय लावा, ती वडगावातही उपयोगी पडेल.

मुलांच्या शाळेबद्दल मिस्टर म्हणतात "शाळा काय सगळीकडं आहेत". मुलाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. खानापुरात मराठी प्राथमिक शाळा आहेत, अभ्यासक्रम राज्याचाच, कन्नड त्याला आत्ताही आहे. फक्त लहान गावातल्या शाळेत नाव घालण्याआधी जाऊन बघा की पाच वर्गांना शिक्षक किती आणि तिसरीत पोरं किती. दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालत असतील तर नको. टी.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) काढताना त्यावर एस.ए.टी.एस. (राज्याचा विद्यार्थी-नोंदणी) क्रमांक बरोबर आहे का ते तिथंच तपासा, एक आकडा चुकला तर नव्या शाळेत नाव ऑनलाइन चढत नाही.

मुलीचं वेगळं. ती जूनमध्ये नववीला जाईल. नववी-दहावी एकाच शाळेत व्हावी, आणि दहावीनंतर सायन्स घेतलं तर क्लाससाठी ती बेळगावलाच येणार. म्हणून तिची शाळा बदलू नका. खानापुराहून बेळगावला बस सतत असते, आणि शक्ती योजनेत मुली-बायकांना परिवहनच्या साध्या बसला पैसे पडत नाहीत, राज्यातल्या पत्त्याचं आधार दाखवायचं. कणकुंबीहून ती रोज बेळगावला शाळेला जाऊ शकत नाही. ती वसतिगृहात, तुम्ही जंगलात, असं होईल. तिला विचारलंत का? पत्रात सगळ्यांचं आहे, तिचं मत नाही.

आता ते पाच गुंठे. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट, घर आणि परस यांना भरपूर. एजंट म्हणाला असेल, आता कुणीही शेतजमीन घेऊ शकतो. ते खरं आहे. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनं बिगरशेतकऱ्यावरची बंदी उठली. पण घेणं आणि त्यावर घर बांधणं या दोन गोष्टी आहेत. घरासाठी जमीन बिनशेती करून घ्यावी लागते, भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ खाली, आणि मग पंचायतीतून ई-स्वत्तूचा (गावातल्या मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ए निघतो. ११बी दाखवून "हेही तेच" म्हणतील. ते तेच नव्हे, तो रीतसर मंजुरी नसलेल्या मालमत्तेचा उतारा. ११बी वर बहुतेक बँका घरकर्ज देत नाहीत.

आर.टी.सी. उतारा (कर्नाटकातला सातबारा) सरकारच्या भूमी पोर्टलवर निघतो, पण कन्नडमध्ये. घरात कन्नड नीट वाचणारं कुणी नसेल तर मुलीला बसवा, नाहीतर ओळखीच्या शिक्षकांना. कॉलम ९ मध्ये मालकांची नावं आणि क्षेत्र. तिथं आठ-दहा नावं असतील आणि विकणारा त्यातला एक असेल, तर बाकीच्यांच्या सह्यांशिवाय पुढं जाऊ नका. कॉलम ११ मध्ये हक्क आणि बोजे, सोसायटीचं कर्ज, भूसंपादनाची नोंद. कणकुंबी परिसरात म्हादईचं पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचं काम आहे, त्यामुळं ही नोंद मुद्दाम बघा. सर्व्हे नंबरपुढं "पैकी" लिहिलं असेल तर तुकड्याची मोजणी झालेली नाही, हद्द फक्त तोंडी आहे. तुकडा विकायचा तर मोजणी खात्याचा ११-ई नकाशा लागतो, तो विकणाऱ्यानं काढायचा, त्याच्या खर्चानं. जमीन सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल तर १९७८ च्या कायद्यानं सरकारी परवानगीशिवाय व्यवहारच रद्द होतो, मध्ये किती हात बदलले असले तरी. ई.सी. (जमिनीवरच्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला) नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर २००४ पासूनची मिळते. त्याआधीची सब-रजिस्ट्रार कचेरीत अर्ज करून काढा, तीस वर्षांची तरी बघा. आणि मुद्रांक, नोंदणी, उपकर मिळून सरकारी दराच्या आठ टक्क्यांपर्यंत रक्कम वेगळी ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं जंगल. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं, आणि ते याच खानापूर तालुक्यात आहे. तळेवाडीसारख्या आतल्या वाडीतल्या कुटुंबांना सरकार भरपाई देऊन बाहेर आणतंय, आणि एजंट तुम्हाला त्याच बाजूला आत नेतोय. त्याशिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या केंद्राच्या मसुद्यात खानापूर तालुक्यातली बरीच गावं आहेत. साध्या घराला त्या मसुद्यात बंदी नाही, खाणी, क्रशर, मोठे बांधकाम प्रकल्प यांना आहे. पण गावाचं नाव यादीत आहे का आणि सर्व्हे नंबर वनखात्याच्या नकाशात येतो का, हे रेंज ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी "काही नाही हो" चालणार नाही. ही कागदं महिन्याभरात गोळा होतात. एजंटाला तेवढा धीर नसेल तर त्याचं कारण त्याच कागदांत सापडेल.

आंबोलीचं थोडक्यात. तिथं राज्य बदलतं. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नोंदणी आणि रोड टॅक्स नव्यानं, रेशनकार्ड नव्यानं, मुलांची बोर्डं बदलणार. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. त्यात आंबोली, चौकुळ, गेळे इथं कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांच्या सामाईक ताब्यातल्या) जमिनीचा वाद वर्षानुवर्षं चाललेला, त्यामुळं तिथली कागदं आणखी किचकट. मुलीला पुढं कर्नाटकच्या सीईटीतून जायचं असेल तर इथल्या शाळेत सात वर्षं आणि दहावी किंवा बारावी इथून, हा नियम लक्षात ठेवा. उलट महाराष्ट्राच्या सीईटीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. तुम्ही खानापूर तालुक्यात ज्या गावात जाल ते त्या यादीत आहे का, तेवढं बघून घ्या.

भाड्याचं घर बघताना पश्चिमेची भिंत बघा. पावसाची झड तिकडून येते. तिथं पडवी किंवा तीन फूट पुढं आलेला पाखा नसेल तर भिंत ऑक्टोबरपर्यंत ओलीच. जोतं दोन-अडीच फूट उंच हवं. जांभ्या चिऱ्याची उघडी भिंत दिसायला छान, पण तीच पाणी पिते, आतून गिलावा फुगलाय का ते हातानं दाबून बघा. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर कपाट पुढं ओढून मागची भिंत बघा, तिथं कुणी रंग देत नाही. स्लॅबपेक्षा कौलारू घर हवेशीर, पण कौलं मेमध्ये शाकारून देणार का हे मालकाकडून करारात लिहून घ्या. विहीर असेल तर एप्रिलच्या शेवटी तळ बघा. एवढा पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि उन्हाळ्यात टँकर येतो. संडासचा शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. नाहीतर जुलैत जमिनीतलं पाणी वर आल्यावर तो तुंबतो आणि विहिरीत उतरतो.

करार अकरा महिन्यांचा, मेच्या मध्यापासून, म्हणजे शाळा सुरू होईपर्यंत सामान लागेल. सासूबाईंच्या खोलीत भिंतीपासून चार बोटं पुढं खाट, जाड कापसाची गादी नको, चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत पाण्यात. त्या खोलीला एक लहान डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) आणि तीन-चारशे रुपयांचं आर्द्रता मीटर. खिडक्या बंद ठेवून दिवसातून चार-पाच तास चालवला आणि मीटर साठच्या आसपास आलं, तर खोली जमली. वडगावचं घर तेवढ्या काळापुरतं भाड्यानं द्या, पण तेही अकराच महिन्यांच्या करारानं.

कुत्र्याला नेऊ शकता, पण रात्री घरात. त्या भागात बिबट्या आहे आणि अंगणात बांधलेला कुत्रा त्याला सोपा. रेबीजची लस दरवर्षी. आणि जंगलाकडून फिरून आला की कान, काख, बोटांच्या मधे गोचीड बघायची, हातमोजे घालून काढायची. पलीकडच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, तो गोचिडीतून पसरतो, आणि थंडीपासून पाऊस पडेपर्यंत त्याचा जोर असतो. कुठं मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. त्या महिन्यांत कुत्र्याला सासूबाईंच्या खाटेवर चढू देऊ नका. एरवीही त्याचे केस दम्याला चांगले नाहीत, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच.